वन टू थ्री म्हणायचं नाही

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ माझं कायम चुकतं. 'स्पीकर' हा शब्द मी आमच्या दुकानाच्या पाटीवर बघून लिहायला शिकलो, आणि ती पाटी रंगवणाराही बहुतेक माझ्याच बाकावर बसला असावा. मोठे शब्द मला येत नाहीत. जसं घडलं तसं साधं सांगतो.

आमच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. स्पीकर उघडून टेबलावर ठेवला की मागच्या चुंबकाला लोखंडाचा कीस, टाचण्या, स्क्रू, जे जवळ असेल ते आपोआप येऊन चिकटतं. मग कितीही झटका, थोडं तरी राहतंच. किस्स्यांचं तसंच आहे.

दुकान वाशीला, मुंबईकडच्या नाही, धाराशिव जिल्ह्यातल्या, स्टँडच्या पुढच्या रस्त्यावर. आम्ही तिघं. आप्पा मालक. मूळचे नळदुर्गकडचे, कपाळाला विभूती, रागावले की कानडीत बोलतात. शकीलभाई गाडीचं दार उघडून स्पीकर काढतात आणि बसवतात. मी स्पीकर सांधतो. गाडीतल्या स्पीकरच्या तोंडात काळ्या कागदाचा एक द्रोण असतो, त्याला कोन म्हणतात. तो थरथरतो म्हणून आवाज येतो. त्याला चीर जाते, त्याची मधली टोपी आत दबते, कडेचं रबर सुटतं. बाकीचे दुकानदार म्हणतात, टाकून द्या, नवीन घ्या. आमच्याकडं तेच टाकलेलं येतं.

आता आप्पांचा नियम सांगतो, कारण सगळे किस्से त्यातूनच निघाले. स्पीकर सांधून झाला की त्यावर गाणं लावायचं नाही. माणसानं बोलायचं. एक छोटा अँप्लिफायर आहे, त्याला जुना माईक जोडलेला, आणि तो माईक गिऱ्हाइकाच्या हातात.

"गाण्यात खरखर लपती," आप्पा म्हणतात. "ढोल, बासरी, समदं एकदम वाजतं. माणसाच्या बोलण्यात काय बी लपत न्हाय."

हातात माईक आला की जो तो म्हणतो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." आप्पा लगेच बटण बंद करतात.

"हे मोजणं झालं. बोला."

"काय बोलू?"

"काय बी. पण बोला."

आणि मग माणसं जे बोलतात, ते ऐकून मी कित्येकदा हातातलं काम विसरलो आहे.

*

बेंबळीचे एक शेळ्यांचे व्यापारी पिकअप घेऊन आले होते. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. बाजारात ते भाव सांगू लागले की शेजारचा व्यापारी आपला भाव चिठ्ठीवर लिहून दाखवतो, असं शकीलभाई सांगतात.

कोनची चीर सांधली, वाळली. आप्पांनी माईक दिला. व्यापारी म्हणाले, "मी बेंबळीहून आलोय. शेळ्या घेतो, शेळ्या विकतो."

आणि झटकन मागं वळून बघितलं.

"हे कोण बोललं?"

"तुम्हीच," आप्पा म्हणाले.

"आपला आवाज असला न्हाय. आपला भारदस्त हाय."

"तुम्ही तुमचा आवाज आतून ऐकता मालक. आमी बाहेरून ऐकतो."

त्यांनी परत माईक तोंडाशी नेला. "शेळ्या घेतो," एवढंच म्हणाले, आणि बारीक, चिरका असा आवाज परत आला. स्पीकरचा दोष नव्हता, कारण आप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

व्यापारी स्टुलावर बसले. मग आप्पांच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "म्हंजी घरात समद्यांना ह्योच ऐकू येतो?"

"व्हय."

"एवढी वर्सं?"

*

आता माझंही सांगायला पाहिजे. मी या दुकानात मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून आहे, पण त्या माईकवर मी कधी बोललो नव्हतो. गिऱ्हाईक नसलं की आप्पा स्वतः बोलतात, नाहीतर शकीलभाई. मी नाही. मला बोलायचं असतं, पण शब्द गळ्यापर्यंत येतो आणि तिथंच बसतो.

यामुळं घरात काळजी होती. माझ्या लग्नाचं मामा बघतात. एकदा धाराशिवला मुलगी बघायला गेलो. पोहे आले, चहा आला. मुलीच्या काकांनी विचारलं, "काय करता?"

मी बशीकडं बघत राहिलो. माझ्या वतीनं मामा म्हणाले, "स्पीकर दुरुस्त करतो."

काकांनी पुन्हा मलाच विचारलं, "धंदा कसा चालतो?"

मामा म्हणाले, "चांगला चालतो."

"जेवायला तरी ह्याचा ह्यो बसतो का, का तुम्हीच बसता?" काका म्हणाले.

दुसऱ्या एका ठिकाणाहून निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण बोलताना दिसला नाही, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. मामा त्या दिवशी माझ्यावर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी, आप्पा जेवायला आणि शकीलभाई नमाजला गेले असताना, मी एकटाच बसून माईक तोंडाशी धरला. समोर नुकताच सांधलेला स्पीकर. मला काही बोलता आलं नाही. पण बटण चालू होतं, आणि मी बघितलं की कोन हलतोय. अगदी थोडा. आत, बाहेर. मी श्वास रोखला की तो थांबायचा. सोडला की हलायचा. माझा नुसता श्वास त्या कागदाला कळत होता. मी किती वेळ तसाच बसलो होतो माहीत नाही. शकीलभाई परत आले आणि म्हणाले, "क्या मियाँ, इसको फुंकर मारून सुकवतंय क्या?"

*

एक ताई आल्या होत्या, कडेवर लहान पोर. नवऱ्यानं गाडीला हौसेनं चार स्पीकर बसवले होते, आणि पोरानं चारही स्पीकरच्या मधल्या टोप्या बोटानं आत दाबल्या होत्या.

"एकाला तरी सोडायचं हुतं की रे," ताई त्याला म्हणत होत्या.

दबलेली टोपी वर काढायची म्हणजे घाईचं काम नाही. चिकटपट्टी हलकेच लावायची, बोटानं बसवायची, आणि हळू हळू ओढायची. जोर झाला की टोपीच हातात येते. तीन वर आल्या. चौथीला सुईनं बारीक भोक पाडून वर उचलावी लागली. आप्पांनी ताईंच्या हातात माईक दिला. स्पीकर टेबलावर, पोर खाली सोडलेलं.

ताई म्हणाल्या, "काय बोलावं बाई?" आणि तो आवाज स्पीकरमधून आल्याबरोबर पोर टेबलाला धरून उभं राहिलं. त्यानं स्पीकरकडं बघितलं. मग आईकडं. परत स्पीकरकडं. दोन आया झाल्यावर माणूस जसा गडबडेल तसं ते गडबडलं, आणि मग त्यानं ठरवलं. टाचा उंच करून त्यानं स्पीकरला गाल लावला.

"बघा की," ताई म्हणाल्या. "सकाळपासून माझं एक ऐकंना. एक घास खाल्ला न्हाय ह्यानं."

शकीलभाईंनी त्यांना खूण केली. ताईंनी माईक जवळ घेतला आणि म्हणाल्या, "आ कर."

पोरानं स्पीकरसमोर तोंड उघडलं.

ताईंच्या पिशवीतला भात आमच्याच टेबलावर संपला. ताई माईकवरून "आ" म्हणत होत्या आणि शकीलभाई भरवत होते. जाताना शकीलभाई म्हणाले, "भाभी, ये गाडीत बसवायचा का तुमच्या सैपाकघरात?"

*

तेरखेड्याचे एक गृहस्थ होते, फटाक्याच्या कामातले. त्यांच्या गाडीच्या दारातला स्पीकर फाटला होता. गाडीचं दार उघडं आणि पलीकडं नवीन माल वाजवून बघत होते, त्या दणक्यानं गेला. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि मी चिरेवर लावायला कागद कापत होतो ते बघत राहिले.

"कापू नका," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "फाडा."

मी वर बघितलं.

"कापलेल्या कागदाची कड धारदार राहती. तिथूनच सुटतो. फाडला की त्याला केस सुटतात. ते केस आत शिरतात." आणि त्यांनी बोटांनी एक कपटा असा फाडला की त्याची कड कापसासारखी झाली. गोंदात बुडवून मी तो चिरेवर बसवला. वाळल्यावर जोड कुठं आहे ते मलाच दिसेना. त्या दिवसापासून आम्ही कागद फाडूनच लावतो.

मग माईक. ते काहीतरी बोलले, पण आम्हाला ऐकूच आलं नाही.

"जरा मोठ्यानं बोला," आप्पा म्हणाले.

ते परत तसंच पुटपुटले.

"मालक, मोठ्यानं."

ते कसनुसे हसले. "सवय न्हाय हो. आमच्याकडं कामावर कुणी मोठ्यानं बोललं की लोक पळत सुटत्यात."

शकीलभाई हसले आणि मग हसायचे थांबले. आप्पांनी बटण पूर्ण फिरवलं, कान स्पीकरजवळ नेला आणि म्हणाले, "बोला. तसंच बोला."

त्या पुटपुटण्यात बारीकशी खरखर होती. आत एक वायर सैल झाली होती, आणि ती एरवीच्या मोठ्या आवाजात कधीच सापडली नसती. मी ती परत बसवली. पुढं कितीतरी दिवस आप्पा सांधलेला प्रत्येक स्पीकर आधी कुजबुजून तपासत होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, आप्पा स्पीकरला काही गुपित सांगतायत.

*

आम्ही हुशार आहोत असा गैरसमज नको म्हणून हाही किस्सा सांगतो.

एक आजोबा आले, नातवाबरोबर, त्याच्या गाडीतून. म्हणाले, डाव्या दारातून खर्र असा आवाज येतो. आम्ही स्पीकर काढला. चांगला. माईकवर नातू बोलला, खरखर नाही. बसवून दिला. आजोबा गाडीत बसले, गाणं लागलं, खर्र. परत काढला. आप्पा बोलले, शकीलभाई बोलले, अगदी कुजबुजून झालं. स्वच्छ. बसवला. आजोबा बसले, खर्र.

शकीलभाईंनी दाराचे सगळे स्क्रू आवळले. आप्पा कानडीत काहीतरी बोलले. मी कोनवरून बोट फिरवून फिरवून दमलो. शेवटी आप्पा म्हणाले, "आजोबा, जरा खाली उतरा बरं."

आजोबा उतरले. आवाज बंद. बसले. खर्र.

त्यांच्या कोपरीच्या खिशात चुन्याची पत्र्याची डबी होती आणि ती दाराला टेकत होती.

आजोबांनी डबी बाहेर काढली, उघडून बघितली, आणि आम्हालाच विचारलं, "हिला बी सांधता का?"

*

उमरग्याकडचा एक मुलगा आईला घेऊन आला होता. नवी नोकरी, जुनी घेतलेली गाडी. आई म्हातारी, तिला कानडीच बोलायची सवय. मुलगा तिला दोनदा म्हणाला, "आई, इथं मराठीत बोल." ती मान डोलवायची आणि गप्प बसायची.

स्पीकर तयार झाल्यावर मुलानं माईकसाठी हात पुढं केला. आप्पांनी त्याला न देता तो आईला दिला आणि तिच्याशी कानडीत काहीतरी बोलले. ती लाजली. माईक कसा धरायचा ते तिला कळेना, तिनं तो तांब्यासारखा दोन्ही हातांनी धरला. आणि समोरच्या स्पीकरकडं बघून, जसं दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "ऊटा आतेनु?"

कानडीत त्याचा अर्थ, जेवण झालं का.

स्पीकरमधून तिचाच आवाज आला. "ऊटा आतेनु?"

ती दचकली नाही. तिला वाटलं, कुणीतरी मायेनं उलट विचारलं. तिनं पदर सावरला आणि उत्तर दिलं, "आतु."

झालं, म्हणून.

आप्पा डोळे पुसायला मागच्या खोलीत गेले. शकीलभाईंना कानडी येत नाही. ते मला म्हणाले, "क्या हुआ? स्पीकर खराब है क्या?" मुलगा जमिनीकडं बघत होता. मग तो आईच्या शेजारी बसला आणि कानडीत तिच्याशी बोलायला लागला. हळू हळू बोलत होता, अडखळत.

*

आता शेवटचा.

मामांनी भूमकडचं एक स्थळ आणलं. माणसं रविवारी आमच्या घरी येणार होती. मामा म्हणाले, "ह्ये शेवटचं. बोललास तर बोललास. न्हाय तर सोमवारी माझ्यासंगं पुण्याला चल, कंपनीत लावतो. कंपनीवाल्याला बोलावं लागत न्हाय. त्याचा पगार बोलतो."

मामांचं चुकत नव्हतं. आमच्याकडं पोरींचे बाप आधी कंपनी विचारतात. पण मला जायचं नव्हतं. इथं मी टेबलावर बसलो की माणसं येतात आणि माझ्यासमोर आपला आवाज ठेवून जातात. तिथं पुण्याला असं काय असणार? हे मी मामांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

शनिवारी दुपारी एक पांढरी जुनी गाडी दुकानासमोर थांबली. मिशीवाले एक काका आणि त्यांची मुलगी उतरली. काका म्हणाले, "कालपर्यंत चांगला व्हता. आज सकाळी बघतो तर फाटलेला."

शकीलभाईंनी स्पीकर काढून माझ्यासमोर ठेवला. मुलगी टेबलाच्या पलीकडं उभी राहिली आणि माझ्या हातांकडं बघायला लागली. मी मान वर केली नाही.

पण चीर बघितली आणि माझा हात थांबला. दणक्यानं किंवा जुनेपणानं कोन फाटतो तेव्हा चिरेच्या कडेला कागदाचे केस निघतात, आणि ती कशीही वाकडी जाते. याला केस नव्हते. एक सरळ, साफ रेघ. रबराला धक्का नाही, मधल्या टोपीला नाही, वायरीपासून लांब. ज्यानं हे केलं त्यानं स्पीकरला जपून इजा केली होती.

मी कागद फाडला, गोंद लावला, मागून एक आणि पुढून एक असा बसवला, बोटानं दाबला. दिव्याखाली वाळत ठेवला. मुलगी तेवढा सगळा वेळ तिथंच उभी. एकदाच म्हणाली, "एवढं हलक्या हातानं?" ते मला म्हणाली की स्वतःशी, कळलं नाही.

वाळल्यावर आप्पांनी काकांना माईक दिला.

"हॅलो, वन टू..."

आप्पांनी बटण बंद केलं. "बोला."

काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आमची सुवर्णा लई हट्टी हाय. सकाळधरनं एकच. चला वाशीला, चला वाशीला. भूमला दुकानं न्हाईत व्हय?"

आवाज स्वच्छ आला. सुवर्णानं पुढं होऊन वडलांच्या हातातून माईक घेतला. ती आधी स्पीकरकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"ह्यांचा आवाज ऐकला," ती म्हणाली, आणि ते सगळ्या दुकानात ऐकू आलं. "आता सांधणाऱ्याचा ऐकायचाय."

आणि माईक माझ्यासमोर धरला.

आप्पांनी बटणाला हात लावला नाही. शकीलभाई दाराचा स्क्रू आवळत होते, ते तसेच वाकून राहिले. मी माईक घेतला. समोर कोन हलत होता, तो माझा श्वास होता. मला नमस्कार म्हणायचा होता, किंवा माझं नाव, गाव. यातलं काहीच आलं नाही. गळ्यात एकच गोष्ट होती आणि तीच बाहेर पडली.

"हा फाटलेला नाही. ब्लेडनं कापलेला आहे."

माझा आवाज मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. मला वाटलं होतं त्याहून तो जाड होता.

काका सावकाश मुलीकडं वळले. "सुवर्णे?"

ती लाजली नाही, घाबरली नाही. मला म्हणाली, "मग काय कापणार? सीट कापली असती तर ती घेऊन तुमच्याकडं येता आलं असतं का?"

आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "कुठंच घासत न्हाय. बसवा गाडीत."

शकीलभाईंनी स्पीकर बसवला. काका गाडीत बसायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "म्हंजी तुम्हीच ते. उद्या आमचं तुमच्याच घरी यायचं ठरलं व्हतं," ते म्हणाले. "तुमच्या मामाला फोन करून सांगतो. आता यायचं काय कारण न्हाय."

ते हसत होते का चिडले होते, मिशीमुळं कळलं नाही. सुवर्णा आधीच गाडीत बसली होती आणि सरळ समोर बघत होती. गाडी गेली.

"आप्पा, ये हौ हुआ का नक्को हुआ?" होकार झाला का नकार, असं शकीलभाईंनी विचारलं.

आप्पा म्हणाले, "मला स्पीकरचं कळतं."

संध्याकाळी घरी गेलो तर मामा पिशवी काढून बसले होते. "त्यांचा फोन आला. येत न्हाईत म्हणाले. कपडे भरून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या आधी उठलो. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि पिशवी तिथंच ठेवून स्टँडवर जाऊन भूमच्या गाडीत बसलो. गाडी गच्च भरली होती. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन माझ्यापर्यंत आला.

"कुठं?"

मी सांगितलं. त्याला परत विचारावं लागलं नाही.